पहाटेचा आकडा

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो आणि जिना उतरून पुन्हा एकदा वर जातो. चहात साखर कमी लागली तरी मला वाटतं, कुणीतरी मुद्दाम केलंय. नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात मी कामाला होतो, आणि तिथे मात्र हा स्वभाव गुणात धरला जायचा.

आम्ही वायरलेस सेटला जोडायची यंत्रं बनवायचो. लांब डोंगरातलं यंत्र पाण्याची पातळी मोजणार आणि वायरलेसवरून नगरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवणार. कॉम्प्युटर आणि वायरलेस यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, तो लिहिणारा मी. घरी हे समजावून सांगितल्यावर आत्याने चार ठिकाणी सांगितलं की भाचा ड्रायव्हर झालाय. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

एका हिवाळ्यात आमचं एक यंत्र राजूरच्या पुढे, डोंगरातून पाट बाहेर पडतो तिथल्या चौकीत बसवलं. चौकीत एक माणूस राहायचा, चाळिशीचा, बायकोसह. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला पाटातल्या रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आहे ते बघायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि वायरलेसवर नगरला बोलून सांगायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं रोजंदारीवर होता. त्याला कायम करायची फाईल त्या वर्षी कुठे वरच्या टेबलावर पोचली होती. कायम झाला की अकोल्यात क्वार्टर मिळणार होतं आणि मुलीचं कॉलेज होणार होतं. चौकीच्या भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती आणि तिच्या शेजारी मुलीची दहावीची मार्कशीट, काचेत घालून.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी पाटाला पाणी सोडणं, सुरू झालं आणि यंत्र विचित्र काहीतरी सांगू लागलं. दिवसा वरच्या अंगाचे शेतकरी मोटारी लावतात म्हणून पाट उतरतो. रात्री मोटारी बंद, म्हणून पहाटे तो भरलेला असायला हवा. पण कित्येक पहाटे यंत्र सांगे, पाट उतरलेलाच आहे, एक मीटर चौदा, एक मीटर तेरा. रात्री पाणी जात कुठे होतं? चौकीच्या वर शंभर पावलांवर एक लोखंडी दार होतं, त्यातून पाणी ओढ्यात सोडता येई. त्याची चावी चौकीवाल्याकडे असायची.

“आधी तुमचं यंत्र तपासा,” पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातले इंजिनिअर साहेब म्हणाले, “नाहीतर मग मी माणूस तपासतो.”

मी एसटीने संगमनेर, अकोले करत राजूरला गेलो आणि तिथून जीपने चौकीवर. प्रत्येक आकड्यासोबत आमचं यंत्र त्यातल्या अक्षरांची एक बेरीज पाठवतं. वाटेत एक अक्षर जरी बिघडलं तरी बेरीज जुळत नाही आणि माझा ड्रायव्हर तो आकडा फेकून देतो. पहाटेच्या सगळ्या आकड्यांची बेरीज चोख होती. म्हणजे वाटेत काही बिघडत नव्हतं. तरी मी म्हटलं, रजिस्टर बघू.

“मामा, रजिस्टर दाखवता का?”

त्याने ते पोटाशी धरूनच आणलं. माझ्याकडे बघेना. चहा झाला होता तरी “चहा घेता का साहेब” म्हणून पुन्हा विचारलं. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. पहिल्या चार दिवसांचे आकडे यंत्रापेक्षा वेगळे होते, ते मी नवं यंत्र आल्याची गडबड म्हणून सोडून दिले. पुढचे दोन महिने मोत्यासारख्या अक्षरात, सेंटिमीटरला सेंटिमीटर, यंत्राशी जुळत होते. त्याची बायको दारातून म्हणाली, “पन पायऱ्या तर...” आणि तो तिच्यावर खेकसला, “तू गप.” तेही मी टिपून ठेवलं.

माणूस आणि यंत्र एकच सांगतायत, मग अजून काय पाहिजे? मी ऑफिसात कागद दिला: यंत्र बरोबर आहे, हाताने केलेल्या नोंदीही जुळतात. खाली झोकदार सही केली. त्या कागदाचा अर्थ एवढाच होता की पहाटे पाणी खरंच कमी होतं, आणि चावी ज्याच्याकडे त्याचीच ही करणी.

साहेबांनी त्याची फाईल परत मागवायचं ठरवलं. पण नुसत्या कागदावर नको, रंगेहाथ धरू, म्हणाले. न सांगता पहाटे कोण जाईल? मी जातो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला उत्साह आला होता.

राजूरला मुक्काम करून मी फटफटायच्या आधी निघालो. थंडीने बोटं वळत नव्हती. आधी लोखंडी दार गाठलं. कुलूप गंजलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं, आणि खालचा ओढा कोरडा ठणठणीत. हे दार दोन महिन्यांत कुणी उघडलेलं नव्हतं. चौकीपाशी आलो तेव्हा त्याची बायको पाटाच्या पायऱ्यांवर भांडी घासत होती. मला बघून दचकली.

“मामी, त्या दिवशी पायऱ्यांचं काय म्हणत होता?”

तिने चौकीच्या दाराकडे बघितलं आणि मग हळूच बोलली. “दिसा सा पायऱ्या उघड्या असत्यात. पहाटं पाचच. रोज हितंच बसती मी, मला कळंना व्हय? पन हे म्हनत्यात, बोलू नको.”

म्हणजे पहाटे पाट दिवसापेक्षा एक पायरी जास्त भरलेला असायचा. तेवढ्यात तो कंदील घेऊन बाहेर आला. सहाच वाजले होते. आतल्या पेटीतून यंत्राचं ‘टक्’ ऐकू आलं, नगरच्या कॉम्प्युटरने त्याला आकडा विचारला होता. आम्ही दोघं पट्टीपाशी वाकलो. एक मीटर बत्तीस. मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. तो सरळ झाला. आत गेला, रजिस्टर उघडून बसला आणि काही लिहिलं नाही. पाचेक मिनिटांनी त्याने वायरलेस उचलला.

“साहेब, मशीन काय म्हनतंय?”

“एक चौदा,” नगरचा ऑपरेटर म्हणाला.

आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत, मोत्यासारख्या अक्षरात, एक चौदा लिहिलं.

“मामा, आत्ता तुम्हाला बत्तीस दिसलं ना?”

“दिसलं की.”

“मग चौदा का लिहिलं?”

त्याने टोपण लावलं. “पयले चार दिवस खरं लिवलं, साहेब. इंजिनिअर साहेब वायरलेसवर सगळ्या चौक्यांच्या देखत म्हनले, मशीन चुकत न्हाई, तुझे डोळे फुटलेत. अजून एकदा चुकला तर घरी बस. आता आमी इचारूनच लिवतो.”

मी तिथेच खाटेवर बसलो. ज्या दोन साक्षींवर मी सही केली होती, त्यांतली दुसरी पहिलीची नक्कल होती. स्वतःच्या कुलपावरही संशय घेणाऱ्या मला आपल्या यंत्राचा संशय आला नव्हता, आणि ज्याचा घेतला तो माणूस आमच्यामुळेच खोटं लिहीत होता. मला माझीच लाज वाटली, आजही वाटते.

मग पेटी उघडली. बॅटरीला मीटर लावला आणि नगरला सांगितलं, पुन्हा विचारा. वायरलेसने बोलायला सुरुवात केली तसा मीटरचा काटा धाडकन खाली आला, आतला लाल दिवा विझला आणि परत लागला. रात्रभराच्या थंडीने बॅटरी ढेपाळलेली होती. यंत्र बोलता बोलता क्षणभर मरत होतं, पुन्हा जागं होत होतं, आणि जागं झाल्यावर त्याला आठवत होता तो आदल्या दुपारी बाराला जपून ठेवलेला आकडा, कारण दिवसातून एकदाच ते आकडा जपून ठेवायचं. तोच ते पाठवायचं, वर बरोबर बेरीज करून. कॉम्प्युटरने छापलेल्या आकड्यांचे कागद खिशातून काढून पाहिले. वाईट पहाटेचा प्रत्येक आकडा आदल्या दुपारच्या आकड्याचा जुळा भाऊ होता. दोन महिने ते माझ्यासमोर छापून पडले होते.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला जड जाते. प्रत्येक आकड्याच्या शेवटी यंत्र वेळेची चार अक्षरं पाठवायचं. कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ आहे, याची काय गरज, म्हणून माझा ड्रायव्हर ती वाचून फेकून द्यायचा. वाईट पहाटेच्या त्या अक्षरांत दर वेळी दुपारचे बारा लिहिलेले होते. यंत्र बिघडलेलं होतं खरं, पण ते लपवत नव्हतं.

नगरला परतल्यावर ड्रायव्हर दुरुस्त करायला एक दुपार लागली. वेळ बघायची, ती शिळी असेल तर आकडा घ्यायचा नाही. अर्धा मिनिट थांबून पुन्हा विचारायचं, आणि तीनदा तसंच झालं तर कागदावर ‘आकडा नाही’ एवढंच छापायचं. दुसऱ्या पहाटे दोन वेळा नकार आला आणि तिसऱ्यांदा आला, एक बत्तीस. मी खुशीत तो कागद घेऊन इंजिनिअर साहेबांकडे गेलो.

त्यांनी तो शांतपणे वाचला. मग माझा जुना कागद काढून शेजारी ठेवला.

“यंत्र चुकलं, ठीक. पण मग याचं रजिस्टर चुकीच्या यंत्राशी जुळलं कसं? सरकारी रजिस्टरात दोन महिने खोटी नोंद. तुम्हीच सही केलीय.”

“तुमच्या धाकाने केली त्याने,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “खरं लिहिलं तेव्हा तुम्ही त्याचे डोळे काढलेत.”

“तसं लेखी द्या. आणि तुमची तपासणी चुकली हेही द्या.”

आमच्या कारखान्याचे मालक म्हणाले, असलं लेखी देऊ नकोस, पुन्हा कुणी आपलं यंत्र दारात उभं करणार नाही. मी दोन दिवस घोळ घातला. तिसऱ्या दिवशी दिलं, सहीसकट. त्यामुळे त्याला काढलं नाही. पण फाईल मात्र ‘नोंदी शंकास्पद’ असा शेरा पडून परत आली, आणि तो शेरा पुसायला कुणी मोकळं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी नवी, मोठी बॅटरी घेऊन चौकीवर गेलो. बसवली, तपासली, यंत्र ठणठणीत चाललं. मामींनी चहा दिला. मार्कशीट भिंतीवर होतीच. मुलगी कुठे आहे, हे मला विचारवलं नाही. निघताना आम्ही दोघं पाटाच्या काठाला उभे होतो. पाणी निवळ होतं, पट्टीवरचा आकडा लांबूनही वाचता येत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं,

“आज किती आहे, मामा?”

त्याने पट्टीकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तुमचं मशीन काय म्हनतंय, साहेब?”