दोष चेनसॉचा
रौनोला घरात स्वस्थ बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. कॉफीसुद्धा तो उभ्यानंच पितो आणि समोरच्यालाही सुखानं पिऊ देत नाही. त्या वसंतात तर त्याच्या पायाला भिंगरीच लागली होती. वादळानं त्याच्या सौनामागची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागची, स्प्रूसची झाडं आडवी केली होती. ऊन तापायच्या आत ती हलवली नाहीत, तर साल पोखरणारे भुंगे आधी त्यांत आणि मग उभ्या जंगलात शिरतात. नेमकी तेव्हाच त्याची झाडं कापायची चेनसॉ चालता चालता बंद पडली.

मी सरोवराच्या या काठावरचा त्याचा शेजारी. त्यानं बोलावलं म्हणून गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर उघडलेलं इंजिन. त्याच्या बायकोनं, म्हणजे आउलिक्कीनं, भाजलेले वेलचीचे पाव खिडकीत ढकललेले. रौनोनं सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते.

"तेलाशिवाय फिरलाय हा. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं राहिलं असणार," मी म्हणालो.

"उगाच काहीतरी बरळू नकोस! कुठूनतरी हवा शिरतेय. नाहीतर कार्बोरेटर."

दोष यंत्राचाच निघावा असं त्याला का वाटत होतं, ते मला ठाऊक होतं. त्याचे वडील साठीतच विसरायला लागले. पुढे पुढे स्वतःच्याच जंगलात उभे राहून घरची वाट विचारायचे. रौनोनं यंदा साठी ओलांडली. "माझंही तसंच होणार बघ," असं तो एकदा सौनात बोलून गेला होता. मी हसण्यावारी नेलं, पण मलाही भीती वाटली होती.

नवा पिस्टन आणि सिलिंडर पोस्टानं येईपर्यंत त्यानं कार्बोरेटर उघडला. आत कचरा नाही, रबरी पडदाही मऊ. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून इंजिनची तोंडं बंद केली, पंपानं हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे हवा कुठूनच शिरत नव्हती. दुसरा कुणी खूश झाला असता.

"साबणच भिकार आहे!" रौनो ओरडला.

"जरा बस रे," आउलिक्की म्हणाली.

"बसून काय अंडी उबवू?"

सामान आलं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, बोटानं तेल, रिंगा चिमटीत दाबून सिलिंडर अलगद खाली. हात अजून पक्के होते. मग त्यानं शेडमधून आणलेला लाल कॅन उचलला आणि मी त्याचं मनगट धरलं. त्यातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतायला लावलं. तेल मिसळलेलं पेट्रोल निळसर दिसतं. हे पाण्यासारखं नितळ होतं.

इतकी वर्षं त्या एकाच कॅनवर होडी आणि चेनसॉ दोन्ही चालायच्या. गेल्या शरदात होडीला नवं इंजिन बसलं, त्याला बिनतेलाचं लागतं. ते त्यानं त्याच कॅनमध्ये भरलं असणार, आणि सवयीनं त्यातूनच चेनसॉला पाजलं असणार.

"मी भरलं ते," आउलिक्की चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "होडीसाठी. सांगायचं राहिलं."

रौनोचा चेहरा असा खुलला! मग त्यानं तिला जे फैलावर घेतलं, ते मला ऐकवेना. "एवढा संसार झाला, अजून तुला हे कळत नाही?" ती खाली मान घालून ऐकत होती. झाडत झाडतच त्यानं तेल मोजून नवं मिश्रण केलं, अंगणात जाऊन दोरी ओढली. चेनसॉ खोकली, आणि मग एका सुरात चालू लागली. काही म्हणता काही दोष नव्हता.

तो ऐकत राहिला. मग त्यानं ती बंद केली, आत आला आणि लाल कॅन आउलिक्कीपुढे ठेवला.

"उघड."

तिनं दोन्ही हातांनी झाकण पिळलं. ते आत दाबून फिरवावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं. पिळता पिळता तिचे डोळे भरून आले. रौनोनं तिचे हात हळूच बाजूला केले.

"डॉक्टरांना फोन लाव," तो म्हणाला. "आणि तिथं 'मीच केलं' असं सांगू नकोस."