आत्याच्या मोटारीचं सोलापुरी इंजिन

फलटणहून निघालो तेव्हा मोटारीत आम्ही दोघंच होतो, आणि दोघांत बोलणं बंद होतं. मी पुढे चाक धरून, आत्या मागे उशीला टेकून. भांडण इंजिनावरून झालेलं. पेट्रोल इतकं महागलं होतं की आत्याची जुनी अमेरिकन मोटार दारात झाकून ठेवायची पाळी आली होती. आत्याने मग कुणाला न विचारता ठरवून टाकलं, की सोलापूरला जायचं, जुनं इंजिन काढायचं आणि नवं डिझेलचं घालायचं. मला हे शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपण्यासारखं वाटत होतं आणि तसं मी तोंडावर बोलून बसलो होतो.

आत्या डॉक्टरीण. नातेपुत्याच्या अलीकडच्या वाड्यावस्त्यांवर दर गुरुवारी तिची फेरी असते. पण तिच्या कण्याचं दुखणं असं आहे की एसटीत किंवा जीपमध्ये तिला दोन मैलही बसवत नाही. फक्त या मोटारीच्या गुबगुबीत मागच्या सीटवर ती टिकते. तिथूनही खाली उतरणं नको म्हणून मोटार पारापाशी उभी राहते, माणसं येतात आणि ती खिडकीतूनच नाडी बघते, औषध देते. डिझेलने ही मोटार हादरायला लागली तर आत्याची फेरी कायमची संपणार होती. माझी सगळी तळमळ त्यासाठी होती, पण ती बाहेर पडली ती नेहमीप्रमाणे चिडचिडीच्या रूपाने.

अकलूजच्या अलीकडे मोटार तापली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधून पाटाचं पाणी खळखळत चाललेलं. एका शेतकऱ्याने घागर आणून दिली आणि बॉनेटमधून निघणारी वाफ कौतुकाने बघत उभा राहिला.

"कुटं निगाला, पावनं?"

"सोलापूरला. इंजिन बदलायला."

"डिझेल घालताय व्हय? मंग येताना आमच्या हिरीवर थांबा की. तेवढं पानी उपसून द्या."

मी घागर रेडिएटरमध्ये ओतत राहिलो. मागून आत्या मात्र खळखळून हसली. फलटणपासून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला आवाज होता, त्यामुळे मलाही हसावं लागलं आणि आमचा अबोला तिथेच त्या पाटाच्या कडेला सुटला.

टेंभुर्णीनंतर ऊस मागे पडला. काळी जमीन, पोटरीला आलेली ज्वारी आणि वर स्वच्छ मोठं आभाळ. मोहोळला चहा घेतला. सोलापूर जवळ आल्याची खूण म्हणजे गिरण्यांच्या चिमण्या. त्या बऱ्याच आधीपासून दिसतात आणि मग कितीतरी वेळ जवळच येत नाहीत. शहरात शिरलो तेव्हा एका गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता आणि रस्ताभर सायकली होत्या.

दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज गिरणीच्या मागच्या गल्लीत. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा किडकिडीत माणूस, खिशात कंगवा, हात कोपरापर्यंत काळे. उलटलेल्या एका व्हॅनचं जवळजवळ कोरं इंजिन त्यांनी आमच्यासाठी आणून ठेवलं होतं. त्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं आणि टेपने आतली लांबीरुंदी मोजली.

"बसतंय की, बाईसाब. चार दिन द्या. गाडी नव्या नवरीसारखी करून देतो."

"नवरी नको," आत्या म्हणाली. "माझ्या पाठीला कळता कामा नये, एवढं बघा."

आमचा मुक्काम शिवलीलाअक्का नावाच्या लिंगायत बाईंच्या खाणावळीवरच्या खोलीत होता. अक्का अर्धं बोलणं मराठीत करायच्या आणि अर्धं कानडीत. ताट समोर ठेवून "ऊट माडरी" (जेवण करा) म्हणायच्या आणि आपण संपवल्याशिवाय हलायच्या नाहीत. पापडासारखी कडक भाकरी, उखळात कुटलेली तेलसर शेंगाची चटणी आणि घट्ट दही. हे मी तीन दिवस दोन्ही वेळा खाल्लं आणि चौथ्या दिवशीही त्याची वाट बघत होतो. रोज सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर एक चक्कर मारायचो. पण दहा वाजले की पाय आपोआप गॅरेजकडे वळायचे.

साखळीने जुनं इंजिन वर उचललं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. नवं इंजिन आखूड, पण उंच निघालं. मिस्त्रींनी त्याच्यासाठी खालचा आडवा पट्टा कापून वेगळा वेल्ड केला, जुन्या गिअरबॉक्सला ते जोडायला लेथवर जाड पोलादी चकती करून घेतली आणि चौथ्या दिवशी बॉनेट एकदाचं बंद झालं. किल्ली फिरवली. इंजिन धडधडत सुरू झालं. मिस्त्रींनी किल्ली परत फिरवली. इंजिन सुरूच.

"आता बंद करा की," मी म्हणालो.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. डिझेल इंजिन किल्लीने थांबत नाही, त्याला ओढायची वेगळी तार लागते, आणि तीच बसवायची राहून गेली होती. गिअर टाकून ते दाबून बंद केलं तेव्हा मोटारीने एक उडी मारली आणि समोरच्या पेरूच्या हातगाडीला धडक दिली. अर्धी गल्ली पेरू गोळा करायला धावली आणि निम्मे पेरू खाऊनही टाकले. संध्याकाळच्या आत सायकलच्या ब्रेकची तार वापरून ती सोय झाली.

मग आत्याला बसवून मी सात रस्ता चौकापर्यंत फेरी मारली. इंजिन चांगलं ओढत होतं. आरशात बघितलं तर आत्या ओठ घट्ट मिटून बसली होती. परत आल्यावर "बरी आहे" एवढंच म्हणाली. पण उतरताना तिने माझा दंड धरला आणि बराच वेळ तिला सरळ उभं राहता येईना. आपलंच म्हणणं खरं ठरल्याचं इतकं दुःख मला आजवर झालेलं नाही.

मिस्त्रींनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "इंजिनाखाली रबर नवं घातलंय, बोल्ट तर असे आवळलेत की हत्तीला हलणार न्हाईत," ते पुटपुटले. मग हातातला पाना खाली ठेवून ते शेजारच्या घरात गेले आणि एका म्हाताऱ्याला घेऊन आले.

हे नरसय्या. तेलुगू विणकर, आयुष्य मागांवर गेलेलं. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. त्यांना इंजिनाचा आवाज काय कळणार, असं मला वाटलं. पण त्यांनी आवाजाची चौकशी केलीच नाही. चपला काढून ते चालू मोटारीत मागे चढले, तळपाय मोटारीच्या तळावर टेकवले आणि दोन्ही पंजे सीटवर ठेवून डोळे मिटले. मग उतरून, इंजिन ज्यांच्यावर टेकलं होतं त्या एकेका लोखंडी पायाला हात लावला.

"लई आवळलंय, दस्तगीर," ते बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले. "माग असा आवळला तर भिंत पडंल. माज्या घरात दोन माग हाईत. मागापासून चार हातांवर पाळणा हाय. नात झोपती. उटत न्हाई."

ते घरी जाऊन एक डबा घेऊन आले. आत मागावरचे वापरून टाकलेले पिकर होते. आडवा धागा नेणारा धोटा दिवसभर ज्याच्यावर आदळतो तो हा म्हशीच्या कातड्याचा ठोकळा. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा आणि चिवट झालेला. सोलापुरात विणकरांच्या घरोघरी पुढच्या खोलीत माग चालतो आणि मागच्या खोलीत माणसं झोपतात, ती मागाच्या पायाखाली असलं कातडं घालून. नरसय्यांनी ठोकळ्यांचे काप केले. रबर काढून इंजिनाच्या पायांखाली ते थर लावले, बोल्ट बेताने आवळायला लावले आणि उरलेले काप मागच्या सीटच्या लोखंडी चौकटीखाली चारी कोपऱ्यांत सरकवले.

"बसा, अम्मा," ते आत्याला म्हणाले.

आत्या बसली. मी गाडी सुरू केली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सुरू केलीस का? धडधड ऐकू येतेय, पण पाठीला कळत नाही."

गुरुवारी पहाटे सोलापूर सोडलं; वाटेत आत्याने एकदाही पाठीचं नाव काढलं नाही. दुपार टळताना नातेपुतं मागे टाकून आत्याच्या फेरीतल्या पहिल्या वस्तीवर आलो आणि पारापाशी थांबलो. कुणीच आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला राग यायला लागला. शेवटी पाण्याला निघालेली एक बाई खिडकीत डोकावली.

"अगं बया, डाक्टरीणबाई हाय व्हय! आमास्नी वाटलं, कुनाचा टॅक्टर आलाय."

तेव्हा उलगडा झाला. लोक जुन्या इंजिनाचा आवाज ओळखून येत होते. मी हॉर्नवर हात ठेवला.

"वाजवू नकोस," आत्या म्हणाली आणि तिने दार उघडलं. पाय खाली टेकवले, क्षणभर दाराला धरून उभी राहिली, मग दार सोडलं. मी धावत गेलो तर म्हणाली, "बॅग दे आणि तू गाडीतच बस."

ती कुणाचाही हात न धरता, सावकाश, समोरच्या घरात वाकून शिरली. तिथली म्हातारी खोकल्याची जुनी रोगी; आठ वर्षं दर गुरुवारी खिडकीशी येऊन बाटली भरून नेणारी. आत्या बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, कण्यात कळ आली.

"धुराने," ती म्हणाली. "आत चूल आहे आणि धुराला जायला वाट नाही. आठ वर्षं मी हिला खोकल्याचं औषध देतेय रे. खिडकीतून हे मला कसं दिसणार होतं?"

मोटार हादरू नये, म्हणजे आत्याला पूर्वीसारखं आत बसता येईल, एवढीच अपेक्षा घेऊन मी सोलापूरला गेलो होतो. ती मोटारीतून उतरेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने म्हातारीच्या मुलाला बाहेर बोलावलं, भिंतीत भगदाड कुठे पाडायचं ते बोटाने दाखवलं आणि बॅग उचलून शेजारच्या घराकडे निघाली.