फलकावरची मावशी

ज्योत्स्ना जाफराबादच्या एका शाळामास्तरांची मुलगी. शिकत, नोकऱ्या बदलत ती मुंबईत एका मोठ्या बँकेच्या ब्रँड मार्केटिंगची प्रमुख झाली. बँकेची जाहिरात कशी दिसावी, तिने काय बोलावं, हे ती ठरवायची.

गेल्या वर्षी बँकेला खेड्यापाड्यांतली नवी खाती हवी होती. एजन्सीने दाखवलेल्या चेहऱ्यांपैकी एकही रानात राबलेला वाटेना. ज्योत्स्नाला आपली अंबडची चांगुणामावशी आठवली. जन्मभर खुरपणीला गेलेली, हसली की डोळे मिटणारी. मावशी लाजत तयार झाली. तिच्या फोटोशेजारी ज्योत्स्नाने ओळ लिहिली, 'बँकेचं काही अडलं? मावशीला विचारा.' फलक लागले, खाती वाढली, वरिष्ठांनी भर मीटिंगमध्ये कौतुक केलं.

आणि अंबडमधले लोक खरंच मावशीला विचारायला येऊ लागले.

मावशी फोन करून बोलवत राहिली. मीटिंगांमुळे ज्योत्स्नाचं जाणं लांबत गेलं. शेवटी ती पोचली, तेव्हा अंगणात तीन बाया बसलेल्या होत्या. एकीचा अंगठा मशीन घेत नव्हतं, म्हणून पेन्शन अडली होती.

"रोज कुणी ना कुणी येऊन राह्यलंय," मावशी म्हणाली. "मी त्यांच्यासंगं बँकेत जाते. माझं कामाला जाणंच बंद झालंय."

"तू नाही म्हणायचंस ना, मावशी."

"फोटोत हसून राह्यले मी. मंग दारातून कसं हाकलू?"

ज्योत्स्ना त्या बाईला घेऊन शाखेत गेली. मुंबईच्या मॅडम म्हटल्यावर काम तिथल्या तिथे झालं. मॅनेजर भुजंगराव थकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जाहिरात चांगलीय. पण आम्ही इथं दोघंच आहोत. गर्दी वाढली, माणूस न्हाई वाढला."

माणसं देणं तिच्या हातात नव्हतं. हे सांगायचंही तिच्या जिवावर आलं.

मुंबईत तिने फलक काढायला आणि शाखेला एक कारकून द्यायला सांगितलं. "चाललेली जाहिरात कुणी काढतं का?" वरिष्ठ म्हणाले. कित्येक आठवडे भांडल्यावर अंबडपुरते फलक उतरले. कारकून काही मिळाला नाही. जाहिरातीचा पुढचा टप्पा मात्र लगेच मंजूर झाला. चेहरा नवा, ओळ नवी. ती ओळही तिलाच लिहायची होती. दिवसभर बसून तिने एक साधीशी ओळ दिली. ती कुणाला फारशी आवडली नाही.

तिने मावशीला फोन लावला.

"आता येत नाहीत ना कुणी?"

"फलक गेला, पण घर ठाऊक झालंय लोकांना. आज दोघी आल्त्या. गेल्ते त्यांच्यासंगं."

"झालं काम?"

"न्हाई. उद्या या म्हणले."

ज्योत्स्नाने त्या दोघींची नावं विचारून घेतली आणि भुजंगरावांचा नंबर लावला.