तिसऱ्या टेबलावरचा नवा माणूस

वाफवाले चाचा दान देताना हात आखडता घेणाऱ्यांतले नव्हतेच. पण स्वतःची लाँड्री वक्फ करताना त्यांनी हात इतका सैल सोडला की त्यातून स्वतःचं पोटही निसटून गेलं, आणि हे लक्षात यायला त्यांना काही वर्षं लागली.

लाँड्री त्यांनी शून्यातून उभी केली होती. एका खोलीत कोळशाच्या इस्त्रीवर सुरुवात झाली. मग बॉयलर आला, पिळणारं मोठं यंत्र आलं, मागच्या हॉलमध्ये इस्त्रीची टेबलं ओळीने लागली. हॉटेलांच्या चादरी, वकिलांचे डगले, नवरदेवांचे कोट, सगळं याच वाफेतून निघायचं. चाचांची आई लोकांची धुणी धुवायची आणि पाचव्या बाळंतपणात, दवाखाना गाठायच्या आतच गेली. चाचा तेव्हा लहान होते, पण ती वाट ते कधी विसरले नाहीत. म्हणून मरणाची वाट न बघता, चांगले धडधाकट असताना त्यांनी लाँड्री बाळंतिणींच्या मोफत दवाखान्यासाठी वक्फ केली, म्हणजे अल्लाच्या नावे कायमची सोडून दिली. अशी वस्तू मग विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मुलाबाळांच्या वाटणीत येत नाही. धंदा चालूच राहतो, नफा ठरलेल्या कामाला जातो, आणि मुतवल्ली म्हणून जो देखरेख करतो तो नुसता राखणदार. पहिले मुतवल्ली अर्थातच चाचा.

वक्फनामा लिहिताना वकिलाने सरळ विचारलं होतं, "मुतवल्लीचा मेहनताना किती घालू?"

चाचांच्या अंगात त्या दिवशी दानशूरपणा संचारला होता. "मेहनताना कसला? मुतवल्ली त्या कामाचा छदामही घेणार नाही. घाला अट."

वकिलाने घातली. शेजारी बसलेल्या चाचींनी डोळे वटारले, पण चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा नको म्हणून गप्प राहिल्या. असल्या वेळी बायकांनी गप्प बसू नये.

साठवलेल्यावर काही वर्षं बरी गेली. मग चाचींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या उठून बसल्या आणि शिल्लक आडवी झाली. घर स्वतःचं होतं म्हणून डोक्यावर छप्पर तेवढं राहिलं. आपल्याच अटीने आपल्याच पायावर धोंडा पडलाय हे चाचांना आता कळलं.

"कोर्टात अर्ज करू," वकील म्हणाला. "मेहनताना बांधून मिळतो. कितीतरी जणांना मिळालाय."

"माझी अट मीच मोडायला निघालो, तर माझ्यामागून येणारा काय पाळणार?"

"बरं, मग इस्त्रीवाले म्हणून पगार घ्या. कामगाराने पगार घ्यायला तुमची ना नाही ना?"

"वा! नेमणारा मी, नेमला जाणारा मी. पगारवाढ मागायलाही आरशासमोर उभा राहतो."

लेक बॉयलर सांभाळायची, तिचा पगार चालू होता. ती म्हणाली, "अब्बा, माझ्यात भागेल तुम्हा दोघांचं." चाचांनी तिच्या तीन पोरांकडे पाहिलं. सगळ्यांत धाकटं बिस्किटासाठी गळा काढत होतं. "माझे हात धड आहेत अजून," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुतवल्लीपद सोडलं.

पुढचा मुतवल्ली कामगारांनी त्यांच्यातूनच निवडायचा, अशीही एक अट होती. त्यांनी चाचांच्या लेकीला निवडलं, कारण बॉयलर रुसला तर त्याची समजूत फक्त तिलाच काढता यायची. तिचा बॉयलरचा पगार चालू राहिला, मुतवल्लीपणाचा मात्र छदामही नाही. त्याच आठवड्यात चाचा दाढी नीट करून तिच्या टेबलापुढे उभे राहिले.

"तिसऱ्या टेबलावर माणूस हवाय म्हणे."

लेकीने हातातलं पेन खाली ठेवलं. "हवाय. पण अब्बा, इथे प्रत्येकाला एक शर्ट करून दाखवावा लागतो. तुम्हीच घातलेला नियम आहे. आणि मी बापाला मागच्या दाराने आत घेतलं असं कुणी म्हणायला नको."

"मग पुढच्या दाराने घे. शर्ट दे."

परीक्षा घ्यायचं काम सगळ्यांत जुन्या इस्त्रीवाल्याचं, उस्तादचं. त्याने कानाला हात लावले. "चाचांनी इस्त्री धरायला शिकवली मला. मी कसली परीक्षा घेऊ? झाले पास!" आणि तो चादरींच्या ढिगाआड जाऊन बसला. शेवटी लेकच टेबलाशी आली.

हॉलमधल्या सगळ्या इस्त्र्या थांबल्या. चाचांनी कॉलर केली, कफ केले, बाह्या केल्या, पाठ केली. हळूहळू जुनी सवय जागी झाली. शर्ट घडी करून त्यांनी पुढे सरकवला आणि लेकीकडे न बघता उभे राहिले. ही नोकरी गेली तर लेकीच्या पोरांच्या ताटातलं खावं लागणार होतं.

तिने शर्ट उजेडात धरला. कॉलरच्या टोकाशी बारीकशी चुणी होती. टोकाकडून मधे यायच्याऐवजी इस्त्री मधून टोकाकडे गेली की अशी पडते. तिला दिसली. ढिगाआडून उस्तादलाही दिसली, तो मान खाली घालून चादरीवर नसलेला डाग शोधायला लागला. तिने ती चुणी पाहून न पाहिल्यासारखी केली असती तर कुणीही एक शब्द काढला नसता.

"कॉलर परत करा," ती म्हणाली.

चाचांचे कान लाल झाले. त्यांनी कॉलरवर पाणी मारलं, दोन्ही टोकांकडून मधे आणली आणि शर्ट परत दिला. तिने तो पुन्हा उजेडात धरला, जरा जास्तच वेळ, कारण डोळे भरून आल्यामुळे तिला काही दिसत नव्हतं.

"उद्यापासून या. पहिला महिना तात्पुरते. तुमचं काम मात्र उस्ताद तपासतील, मी नाही."

संध्याकाळी चाचांनी चपला काढायच्या आधीच बायकोला सांगितलं, "अगं, पोरीने कॉलर परत करायला लावली मला! सगळ्यांसमोर!"

"फार लागलं का हो?"

"लागलं ना." ते खाटेवर टेकले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "लाँड्री देऊन टाकली, देऊन टाकली म्हणून सांगत फिरलो इतकी वर्षं, पण तिथे माझं काम परत करायला लावणारं कुणी नव्हतंच गं. आज खरी दिली गेली. आपली राहिली असती, तर बापाचा शर्ट परत आला असता का?"

चाची त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मग पदराने त्यांचा चेहरा पुसत म्हणाल्या, "बरं, आता जेवा आणि लवकर झोपा. पहिल्याच दिवशी उशीर केलात तर ती ठेवायची नाही तुम्हाला."