डॅशबोर्डवरची टिकली

"दिवा लागला म्हंजे डिझेल संपलं न्हवं," असं म्हणत आमचे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर डॅशबोर्डवर नखानं टकटक करायचे. फौजेतून निवृत्त होऊन आलेले. आष्ट्याकडच्या एका लहान दवाखान्यात मी सिस्टर होते.

त्यांनी मला तो दिवा समजावून सांगितला होता. "टाकीत तरंगता गोळा असतोय. डिझेल उतरलं की गोळा खाली बसतो, हितं दिवा पेटतो. तरीबी गाडी मिरजंपतूर जाती, सिस्टर."

पण पुढं बसणाऱ्या नातेवाइकांना हे कोण सांगणार? "सासू दिवा बघून वरडती, मागं बाळंतीण घाबरती. एक टिकली द्या." मी पाकिटातली मोठी मरून रंगाची टिकली दिली. त्यांनी ती दिव्यावर चिकटवली. आम्ही दोघंही हसलो. डिझेलचा काटा कधीचाच बंद होता, म्हणून रोज सकाळी ते टिकलीची कड उचलून दिवा बघायचे.

एकदा ते भाचीच्या लग्नाला विट्याला गेले. बदली ड्रायव्हर नवा होता. अडलेल्या बाईला मिरजेला नेताना गाडी सांगलीच्या अलीकडे उसाच्या फडापाशी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. बाई वाचली. बाळ गेलं.

डिझेल न बघता गाडी काढली म्हणून सगळे बदली ड्रायव्हरवर तुटून पडले. टिकलीकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. आमचे ड्रायव्हर परत आले आणि सरळ साहेबांसमोर उभे राहिले. "दिवा मी झाकला. त्याला सांगायचं ऱ्हायलं. त्याला कायबी म्हणू नका."

"टिकली कुठून आणली?"

"बाजारातनं."

मी तिथंच उभी होते. बोलले नाही.

त्यांची नोकरी गेली. त्या बाईच्या घरी जायला ते निघाले तेव्हा मी, येऊ का, असं विचारलं. "आवं, तुमास्नी हितंच नोकरी करायची हाय. ऱ्हावा गप," म्हणाले. मी गप्प राहिले. सोयीचं होतं.

मागच्या महिन्यात ते वारल्याचं कळलं. माती होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या बाईच्या घरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं.

पाणी तसंच ठेवून मी म्हणाले, "ती टिकली माझी होती."