जाळीला लावलेली काच

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते एवढंच, दर्ग्याच्या पायरीशी बसून सांडलेले तांदूळ वेचले.

आमच्या गावाच्या कडेला एका सूफी फकिराची कबर आहे. सगळे बाबाच म्हणतात. चौकोनी खोली, विटा-चुन्याच्या जाड भिंती, वर घुमट. दार असं ठेंगणं की मालगुजार असो की मजूर, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बाया आत जात नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीत दगडी जाळी आहे, भोकातून हात जाईल एवढी. बांगड्या घासून घासून भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. नवं धान निघालं की घरची बाई, कोणत्याही जातीची असो, पहिली मूठ त्या जाळीतून बाबाच्या पायथ्याशी टाकते. मगच घरी नवा भात शिजतो. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून टाकत होती.

या साली दर्गा कमिटीच्या नव्या अध्यक्षानं आत एसी बसवला आणि जाळीला आतून काच लावली. तिचे डोळे कमजोर. तिनं मूठ टाकली, तांदूळ काचेवर आपटून तिच्याच पायावर आले.

"अम्मा, कचरा मत करो!" अध्यक्ष ओरडला.

मी म्हटलं, "दे, मी आत नेऊन टाकतो."

"बाईच्याच हातचं लागते, अजी. बाबानं परत केलं. काऊन केलं असन?"

"बाबानं नाही वं, त्या भाडखाऊनं केलं."

तिला पटलं नाही. दोघांनी दाणे वेचले, तिनं ते पदराच्या कोपऱ्यात बांधून गाठ मारली. घरी आल्यावर जेवली नाही. "माहं काय चुकलं?" म्हणतच झोपली, ती पहाटे उठलीच नाही. दुपारी तिला नेलं. नेण्याआधी पदराचा तेवढा कोपरा मी फाडून घेतला.

म्हातारं माणूस मरतेच, त्याचा राग नाही. पण बाबानं आपल्याला नाकारलं असं समजून ती गेली. हे मी कोणालाच माफ करणार नाही, अध्यक्षाला नाही आणि बाबालाही नाही. त्यानं तरी काऊन गप्प बसावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मुसळ खांद्यावर टाकून गेलो. म्हातारा मुजावर अंगण झाडत होता. मुसळ पाहिलं अन् बाजूला सरकला. जाळीच्या दगडाला धक्का लागू दिला नाही. भोकातून मुसळ घातलं आणि हाणलं. काच आत पडली. बाबाला लागली असेल तर लागो.

अध्यक्ष धावत आला. "काका, पागल हो गए क्या? क्या कर रहे हो?"

"कचरा करून राहिलो," म्हटलं.

गाठ तिच्या हातची होती. मी ती सोडली नाही. तशीच आत टाकली.