कोआलांच्या हाका आणि कॅस्मिर

बायकांना निदान सवत तरी असते. कोआलावर जळणाऱ्या नवऱ्याने कुणाकडे रडावं, हे डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या कॅस्मिर परेराला कळत नव्हतं.

त्याची बायको सेलिन घरून एका ऑस्ट्रेलियन संस्थेचं काम करायची. वणव्याआधी आणि नंतर जंगलात लावलेल्या माइकचं रेकॉर्डिंग ऐकून नर कोआलांच्या हाका मोजायच्या, म्हणजे किती उरले याचा अंदाज येतो. रविवारचं मटण निवायचं आणि सेलिन हेडफोन लावून परक्या नरांची घुरघुर ऐकत बसायची.

“मीपण असाच घोरतो की!”

“तुझी मोजायचा पगार कोण देणार, कॅस्मिर?”

मग जळलेल्या पट्ट्याचं रेकॉर्डिंग आलं. अर्ध्याहून जास्त ऐकून झालं तरी त्यात नुसता वारा होता. सेलिन जेवेना. “खलास झाले रे सगळे.”

कॅस्मिरला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो तिच्याशेजारी बसला, हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली आणि त्या मेल्याच्या घोरण्याची वाट बघू लागला. बऱ्याच वेळाने खर्जातली एक लांबलचक घुरघुर आली.

“आला रे माझा राजा!” सेलिन किंचाळली.

कॅस्मिरलाही हायसं वाटलं. पण त्याला तिने आजवर कधी राजा म्हटलं नव्हतं.